आमची काही तक्रार नाही

यादीत दोन हजार तीनशे अकरा घरं होती आणि बदलून द्यायला संच होते नऊशे.

ज्योत्स्ना निकमने दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले. वजाबाकी केली नाही. बैठकीतल्या पाचही जणांनी ती मनातल्या मनात उरकली होती, हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं.

सोमवारची सकाळ होती. अर्कज एनर्जीच्या नाशिकच्या कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर संचालनप्रमुख निरंजन दातार भिंतीवरच्या पडद्यापाशी उभे होते. ज्योत्स्ना कंपनीची सेवाप्रमुख. चौदा वर्षांपूर्वी इथेच खालच्या मजल्यावर हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी लिहून घ्यायला ती लागली होती. ‘सूर्यघट’ तेव्हा नुकता बाजारात आला होता. भिंतीवर टांगायचं लहान कपाटाएवढं यंत्र, छपरावरच्या सौर पॅनेलांची वीज दिवसभर साठवायची आणि संध्याकाळी घराला द्यायची. आता महाराष्ट्रात एक लाख दहा हजार भिंतींवर ते होतं.

त्यातल्या एका बॅचमध्ये दोष निघाला होता.

दोष समजायला सोपा होता. बॅटरीच्या आत लिथियम हा धातू चार्ज होताना एका बाजूला जाऊन बसतो आणि वीज वापरली की परत येतो. तो सपाट थराने बसला तर ठीक. पण कधी कधी त्याला केस फुटतात. डोळ्यांना न दिसणारे, धातूचे केस. दोन बाजूंच्या मध्ये एक पातळ पडदा असतो, तो या केसांना अडवतो. सिन्नरच्या कारखान्यातलं पडदा गुंडाळणारं एक मशीन तीन आठवडे किंचित वाकडं चाललं होतं. पडद्याला सुरकुती पडली. सुरकुतीपाशी केस जोमाने वाढतात, एके दिवशी आरपार जातात आणि दोन्ही बाजू आतल्या आत चिकटतात. मग जी आग लागते तिला बाहेरची हवा लागत नाही आणि ती पाण्याने विझत नाही. मेन स्विच बंद करूनही उपयोग नसतो, कारण साठवलेली वीज आतच असते.

पूर्वी हे केस पाहायचे तर बॅटरी चिरावी लागे. म्हणून कंपन्या अंदाजाने बोलत: लाखात इतके जळतील. ते इतके म्हणजे कोण, हे देवालाच ठाऊक असायचं. अर्कजच्या प्रयोगशाळेने दोन वर्षांपूर्वी त्यावर तोड काढली. बॅटरीत विजेचे अगदी क्षीण तरंग सोडायचे, काही जलद, काही संथ, आणि ते किती उशिरा, किती दमून परत येतात ते मोजायचं. कलिंगड वाजवून पाहतात तसंच. केस वाढले की उत्तर बदलतं. या प्रणालीचं नाव त्यांनी ‘कानोसा’ ठेवलं होतं. प्रत्येक सूर्यघट रोज दुपारी स्वतःचा कानोसा घेऊन नाशिकला कळवत असे. दोन हजार तीनशे अकरा घरं त्यातूनच कळली होती. त्यांतली साठ-सत्तर पुढच्या दोन महिन्यांत पेटतील, हेही कळलं होतं. नेमकी कुठली, ते मात्र अजून सांगता येत नव्हतं.

“नऊशेच का?” ज्योत्स्नाने विचारलं.

“जुन्या मापाचे तेवढेच आहेत. जास्त बनवायचे तर नव्या मॉडेलची लाइन थांबवावी लागेल,” दातार म्हणाले. “ती थांबवायची नाही, असं वर ठरलंय.”

“आणि जाहीर करून टाकलं तर?”

“तर कायद्याने एक लाख दहा हजारच्या एक लाख दहा हजार परत घ्यावे लागतील. सिन्नरला कुलूप लागेल. चार हजार माणसं, मॅडम. तुमची धरून.”

पडद्यावर यादी उघडली. पहिली नऊशे घरं हिरवी, बाकी करडी. ज्योत्स्नाला वाटलं, धोक्याच्या क्रमाने लावली असेल. पण तिसऱ्या रकान्यातले धोक्याचे आकडे वरपासून खालपर्यंत जवळपास सारखेच होते. क्रम चौथ्या रकान्यावरून लावला होता. त्याच्या डोक्यावर शब्द होता: पडसाद.

“हे काय?”

“आपली दुसरी प्रणाली,” दातारांनी शांतपणे सांगितलं. “कानोसा सांगतो कुठलं यंत्र पेटेल. पडसाद सांगतो, पेटल्यावर कुठलं घर बोलेल.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. आवाज न चढवता, शिकवल्यासारखं. ग्राहकाने आजवर किती फोन केले, फोनवर त्याचा स्वर कितव्या मिनिटाला चढला, फोटो काढून चारचौघांत टाकतो का, घरात वकील, पत्रकार, पक्षाचा कार्यकर्ता आहे का. आणि सगळ्यात वजनदार गोष्ट: तंत्रज्ञ दारात आल्यापासून किती मिनिटांत त्याने हॅपी कोड दिला.

ज्योत्स्नाचं पेन थांबलं. हॅपी कोड तिचीच कल्पना होती. सहा वर्षांपूर्वी तंत्रज्ञ घरी न जाताच ‘काम झालं’ म्हणून तक्रारी बंद करायचे. तिने सुचवलं, तक्रार नोंदवताच ग्राहकाच्या मोबाईलवर चार आकडे जावेत. काम मनासारखं झालं तरच त्याने ते तंत्रज्ञाला सांगावेत, त्याशिवाय तक्रार बंद होऊ नये. वर्षभर छान चाललं. मग तंत्रज्ञ दारातच आकडे मागू लागले. ‘काका, कोड सांगून टाका ना, माझा आजचा कॉल बंद होईल. पार्ट आला की येतोच मी.’ आणि लोक सांगून टाकत. माणूस उन्हातून आलेला असतो, पाणी मागतो, त्याच्या मागे साहेब लागलेला असतो. चार आकड्यांनी आपलं काय जातंय?

“म्हणजे जो ओरडेल त्याचा बदलायचा,” ती म्हणाली, “आणि जो चहा पाजेल त्याचा ठेवायचा.”

“जो ओरडेल त्याची आग आपल्यापर्यंत येते. बाकीच्यांच्या पंचनाम्यात शॉर्टसर्किट लिहिलं जातं आणि विषय संपतो. आपण कुणाला मारत नाही आहोत, मॅडम. फक्त क्रम लावतोय.”

यादी तिच्याही टॅबवर आली होती. सेवाप्रमुखाच्या सवयीने तिने गावांवरून चाळली आणि मनमाडपाशी बोट थांबलं. एकाखाली एक बारा ओळी, सगळ्या यादीच्या तळाशी. पहिली होती: मुरलीधर गणपत निकम, पडसाद शून्य पूर्णांक शून्य दोन. समोर यंत्राने तीन कारणं दिली होती. सर्व भेटींत हॅपी कोड एका मिनिटाच्या आत. एकाच मोबाईलवर बारा घरांची नोंद. कुटुंबातील व्यक्ती कंपनीत नोकरीस.

मुरलीधर निकम तिचे वडील होते.

दातारांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पडद्याकडे. त्यांना वेळ लागला नाही. बाकीचे उठून गेल्यावर ते म्हणाले, “एक नाव वर घेता येईल. तेवढा तुमचा हक्क आहे.”

“त्या गल्लीत बारा आहेत, सर. माझ्यावर विश्वास ठेवून घेतलेत सगळ्यांनी.”

“एक.”

ज्योत्स्नाने मान हलवली. पुढे तिने स्वतःला पुष्कळदा सांगितलं, की मान हलवण्याआधी आपण विचार केला होता. केला नव्हता. पडद्यावर वडिलांची ओळ सरकन वर जाऊन हिरवी झाली आणि नऊशेव्या क्रमांकावरची ओळ एक घर खाली उतरून करडी झाली. जाता जाता तिला नाव दिसलं. मालन गांगुर्डे, शिवणवर्ग, ओझर.

गुप्ततेच्या कागदावर तिने सही केली तेव्हा अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

*

“दादा, तुमच्या संचाची काही तक्रार?”

“आमची काही तक्रार नाही,” मुरलीधर निकम मनमाडहून म्हणाले. “जरा घुंऽ घुंऽ करतो एवढंच. तसा तर मीही करतो झोपेत. तुझी आई सांगायची.”

“कधीपासून करतोय?”

“झाले दोन-तीन महिने. आतला पंखा थांबतच नाही त्याचा. तुमच्या इरफानभाईला सांगितलं होतं मी. त्याने उघडून बघितलं, काही सापडलं नाही बिचाऱ्याला. दिला कोड.”

“न दुरुस्त करताच?”

“अगं, येवल्यापासून मोटारसायकलवर आला होता तो. आणि मुलीच्या कंपनीची चहाडी कुणाकडे करू मी? तुझ्याकडेच ना? मग तुझ्या डोक्याला ताप.”

मनमाडच्या रेल्वे कारखान्यात पुलांच्या गर्डरवर त्यांनी छत्तीस वर्षं काम केलं होतं. हातोडीने रिव्हेट वाजवायची आणि आवाजावरून सांगायचं: ही घट्ट, ही सैल. त्यांनी सैल म्हटलेली रिव्हेट दुसऱ्यांदा कुणी वाजवून पाहत नसे. ज्योत्स्नाला हे लहानपणापासून ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, “ते जाऊ दे. लॉटरीत तुमचं नाव निघालंय. नवा संच फुकट मिळणारे.”

“मला? मी तर चिठ्ठी टाकली नव्हती.”

“कंपनीने टाकली.”

“मोठी माणसं,” दादा हसले. “गल्लीतल्या आणखी कुणाचं निघालं?”

“नाही. एकच.”

गुरुवारी इरफान शेख टेम्पोत संच घालून मनमाडला गेला. अकरा बावन्नला मुरलीधर निकमांचा हॅपी कोड आला. नोंद बंद झाली, समोर बरोबरची खूण उमटली. ज्योत्स्नाने त्या दिवशी डबा पूर्ण खाल्ला. बाकीच्या अकरांचं पुढच्या तिमाहीत पाहू, असं ती स्वतःशी म्हणाली. आणि मालन गांगुर्डेचं नाव तिने आठवू दिलं नाही.

*

पुढच्या मंगळवारी दुपारी ओझरला आग लागली. बुधवारी दुपारी बातमी मोबाईलवर आली ती मोजून चार ओळींची. शिवणवर्गाला शॉर्टसर्किटमुळे आग. सात विद्यार्थिनी सुखरूप बाहेर. वर्गाच्या संचालिका मालन गांगुर्डे, वय सेहेचाळीस, आतल्या खोलीतून बाहेर पडू शकल्या नाहीत. अग्निशमन दलाने दोन तास पाणी मारलं.

ज्योत्स्नाने बातमी तीनदा वाचली. चौथ्यांदा वाचताना ती दातारांच्या खोलीत उभी होती.

“पाहिलंय मी,” दातार म्हणाले. “आपला माणूस जाऊन आलाय. पंचनाम्यात शॉर्टसर्किटच आहे.”

“ती नऊशेवी होती.”

“नऊशे एकावी.”

“माझ्यामुळे.”

“मॅडम, बसा. पाणी घ्या.” त्यांनी खरोखरच स्वतः उठून पाणी दिलं. “असं धरून बसलात तर काम करता येणार नाही. तिथे काही गडबड नाही. तिच्या भावाने उलट आपल्या माणसाला चहा पाजला. म्हणाला, बॅटरी चांगलीच होती हो, आमचीच वायरिंग जुनी.” ते खुर्चीत बसले आणि पडद्याकडे पाहत, जवळजवळ स्वतःशीच म्हणाले, “तिचा पडसाद शून्य पूर्णांक एकतीस होता. मॉडेलने थोडा जास्तच धरला होता. दुरुस्त करायला सांगतो.”

ज्योत्स्नाने पेला न पिताच जोरात खाली ठेवला. पाणी टेबलावर सांडलं. दातारांनी रुमालाने ते पुसलं, कागद उचलून बाजूला ठेवले. त्या माणसाच्या वागण्यात कुठेही उद्धटपणा नव्हता. तिला भीती वाटली ती त्याचीच.

आपल्या जागेवर येऊन तिने कानोसा उघडला. वडिलांचं घर एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. एक बाई गेली, पण त्या मोबदल्यात निदान ते घर तरी हिरवं आहे, हे पाहायचं होतं.

घर लाल होतं.

तिने पान पुन्हा उघडलं. लालच. संचाचा क्रमांक पाहिला तर तो जुनाच. इरफानने बसवलेला नवा संच तिने शोधला. तो सापडला, निरोगी होता, दुपारचा कानोसाही त्याने वेळेवर कळवला होता. फक्त तो दोन घरं पलीकडून बोलत होता.

तिने फोन लावला.

“दादा, नवा संच भिंतीवर आहे ना?”

“आहे की.”

“तुमच्या भिंतीवर?”

पलीकडून थोडं ओशाळं हसू. “कळलं वाटतं तुला. इरफानभाईला ओरडू नकोस हं, मीच गळ घातली. साबळ्यांच्या सुनेच्या भिंतीवर लावलाय. तिचा माझ्यापेक्षा जास्त घुमत होता. मी कान लावून बघितलं होतं. बारांच्या बारा ऐकले मी, तिचा सगळ्यात वाईट. घरात तीन महिन्यांचं बाळ. मला म्हाताऱ्याला काय करायचाय नवा?”

“आणि कोड?”

“कोड दिला माझा. काम तर झालंच होतं ना.”

“दादा, घराबाहेर या.”

“आं?”

“आत्ता. चप्पल घाला आणि बाहेर या. तो संच पेटू शकतो.”

“पेटू शकतो म्हणजे?”

मग तिने सांगितलं. केस, पडदा, सुरकुती, दोन हजार तीनशे अकरा, नऊशे. ओझरचंही सांगितलं. मागे एखाद्या घरात कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी त्यांना ‘काका, ऊन लागेल, टोपी घाला’ म्हणालं. म्हणजे ते बाहेर आले होते.

“गल्लीत किती?” त्यांनी विचारलं.

“साबळ्यांचा सोडून सगळे.”

“तुला कधी कळलं?”

“मागच्या सोमवारी.”

“आज बुधवार. म्हणजे नऊ दिवस.”

“हो.”

छत्तीस वर्षं रिव्हेट वाजवून ऐकणारा माणूस फोनच्या त्या टोकाला कान लावून उभा होता. ज्योत्स्नाला कळत होतं की ते ऐकताहेत.

“तक्रार कुठल्या नंबरवर करायची?” अखेर ते म्हणाले.

“दादा, मी इथूनच काहीतरी—”

“तू नाही. नंबर सांग.”

*

संच दुरून बंद करता येत होता. नाशिकहून एक आज्ञा गेली की तो साठवलेली वीज हळूहळू रिती करून स्वतःला कुलूप घालून घेई. पण प्रत्येक कुलपाची वर्दी आपोआप विद्युत सुरक्षा कार्यालयाला जाईल, असा नवा कायदा होता. म्हणून कंपनी या आज्ञेला हात लावत नसे. शिवाय ग्राहकाची तक्रार असल्याशिवाय, तीही त्याच्या स्वतःच्या आवाजात नोंदलेली असल्याशिवाय, आज्ञा सुटतच नसे. उगाच कुणाचं घर अंधारात जाऊ नये म्हणून हा नियम झाला होता. तो लिहिला होता ज्योत्स्नानेच.

गंभीर तक्रारी थेट सेवाप्रमुखाच्या कानावर जात. चार वाजून पाच मिनिटांनी तिच्या हेडफोनमध्ये वडिलांचा आवाज आला. खालच्या मजल्यावरची मुलगी त्यांचं लिहून घेत होती.

“नाव मुरलीधर गणपत निकम. दोन तक्रारी आहेत, ताई. पहिली संचाची. तो आतून तापतोय. मी मागे बोललो होतो, पण तेव्हा मी कोड देऊन टाकला. ती माझी चूक.”

“बरं, काका. आणि दुसरी?”

“दुसरी तुमच्या सेवाप्रमुखांची. ज्योत्स्ना मुरलीधर निकम. हे पेटणार हे त्यांना नऊ दिवस ठाऊक होतं आणि त्यांनी गल्लीतल्या एकाच माणसाला वाचवायचं ठरवलं.”

मुलगी अडखळली. “काका, दुसरी तक्रार... ती कशात घालू? त्याला रकाना नाहीये.”

“मग कर एक रकाना, बाळा. मी थांबतो.”

ज्योत्स्नाने पहिल्या तक्रारीवर आज्ञा सोडली. मनमाडच्या भिंतीवरचा लाल ठिपका काळा झाला. तेवढ्यात दुसरा फोन आला, त्याच मोबाईलवरून. आवाज बाईचा होता. मग एका म्हाताऱ्याचा. मग कॉलेजातल्या मुलीचा. दादांचा फोन दारोदार फिरत होता, मागे त्यांचा आवाज ऐकू येत होता, “बोल ना, लाजायचं काय त्यात, तुझंच घर आहे.” दर फोनला पडद्यावर यंत्र विचारत होतं: एकच क्रमांक, एकच ग्राहक समजून तक्रारी एकत्र करू? दर वेळी ज्योत्स्ना ‘नाही’ दाबत होती आणि कुलूप घालत होती. अकरा झाली.

बारावा फोन साबळ्यांच्या सुनेचा होता. तिच्या कडेवरचं बाळ रडत होतं.

“ताई, माझा संच नवा आहे, चांगला आहे,” ती म्हणाली. “माझी तक्रार अशी आहे की तो निकमकाकांचा आहे.”

पावणेपाचला ज्योत्स्नाने संपूर्ण यादी विद्युत सुरक्षा कार्यालयाला पाठवून दिली. दोन मिनिटांत पोच आली. चौकशीला आठ दिवस लागतील, असं तीत लिहिलं होतं. ते बरोबरच होतं. नियमाप्रमाणे तेवढे लागतातच. आठ दिवसांत यादीतली आणखी किती घरं जातील, हे तिने कानोसाला विचारलं. उत्तर आलं: सुमारे पाच.

गांगुर्डेबाई गेल्या, गल्ली सुटली, करड्या ओळी उरल्या एक हजार तीनशे नव्याण्णव. त्यांना एक ओळीचा संदेश आधी पाठवून पाहावा, असं तिला वाटलं. तसा संदेश तयारच होता, दर महिन्याला जायचा. ‘आपण आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का?’ त्याच्या खाली तिने लिहिलं, ‘संच धोकादायक असू शकतो. कृपया ‘नाही’ असं उत्तर द्या, आम्ही लगेच फोन करू.’ आणि पाठवून दिला.

उत्तरं ताबडतोब येऊ लागली. हो. हो. हो, धन्यवाद. समाधानी आहोत. खूप छान सेवा ताई. हो. दोन हात जोडल्याचं चित्र. हो. पहिली ओळ वाचून, वर्षानुवर्षांच्या सवयीने.

ज्योत्स्ना उठली आणि जिन्याने खाली गेली. खालच्या मजल्यावर एकोणचाळीस मुली हेडफोन लावून बसल्या होत्या. तिच्याविरुद्धची तक्रार एव्हाना सगळ्यांना कळली होती. ती आत येताच कुजबुज थांबली.

“आलेले फोन घेऊ नका,” ती म्हणाली. “आज आपण करायचे. प्रत्येकीला पस्तीस घरं, उरलेली चौतीस मला. तुम्हाला मी आजवर शिकवलं, की माणूस रागावला तर शांत कसा करायचा. आज उलटं आहे. जो शांत आहे त्याच्या तोंडून तक्रार काढायची. त्याच्या आवाजात, त्याच्या शब्दांत. नाहीतर तो संच बंद होत नाही.”

“दातार सर?” एकीने विचारलं.

“त्यांना कळायला अर्धा तास लागेल. माझा लॉगिन बंद करायला आणखी अर्धा.”

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मग नंबर फिरू लागले. ज्योत्स्नाने एक रिकामी खुर्ची ओढली, चौदा वर्षांपूर्वीसारखा हेडफोन चढवला आणि चौतीस घरांचा वाटा स्वतःकडे घेतला. पहिलं नाव होतं सटाण्याच्या एका आजींचं, सुभद्रा अहिरे.

“आजी, मी सूर्यघटच्या कंपनीतून बोलतेय. तुमचा संच आवाज करतो का?”

“करतो थोडा. म्हातारा झाला असंल माझ्यावानी.”

“मग तक्रार लिहून घेऊ?”

“नको गं माय. मागल्या वेळी तो भाऊ किती लांबून आला होता. आमची काही तक्रार नाही.”

आजूबाजूला एकोणचाळीस आवाज बोलत होते आणि हेडफोनांतून तेच वाक्य तितक्याच तोंडांनी परत येत होतं. मुलींच्या उत्तरांवरूनच ते कळत होतं: नाही हो काका, तसं नाही, मावशी, ऐकून तर घ्या, अहो, त्रास कसला त्यात.

“आजी, नीट ऐका. तो संच पेटू शकतो. घर जळेल.”

सुभद्राबाई मायेने म्हणाल्या, “असू दे. तू नको काळजी करू. तुझ्या नोकरीचं काही व्हायचं. आम्ही राहू सांभाळून.”

ज्योत्स्नाने डोळे मिटले. वर, तिसऱ्या मजल्यावर, कुणाच्या तरी खुर्चीचे पाय जोरात सरकल्याचा आवाज झाला.

“आजी, संचाची नको तर माझी तक्रार करा,” ती म्हणाली. “तिच्यावरही तो बंद होतो.”

“तुझी? तू तर एवढी गोड बोलतेस. तू काय केलंस बाई?”

पडद्यावर ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागलेला होता.

“सांगते,” ज्योत्स्ना म्हणाली. “ओझरला मालन गांगुर्डे नावाची एक बाई होती.”